कल्पनेच्या जगातही वर्णव्यवस्था कशाला?

फँटसी कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम आम्हाला मनापासून आवडतात, असं म्हटलं की चळवळीतली काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात. शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, बेरोजगारी हे प्रश्न असताना हा कसला रिकामा उद्योग? पण हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही वस्तीत जा. पोरांच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये गेम आहे. जे रोज खेळलं जातं ते मनात मुरतं. म्हणून यावर बोललंच पाहिजे.

अमीश त्रिपाठी यांची 'द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा' (२०१०) ही कादंबरी घ्या. वेग आहे, खिळवून ठेवते, हे मान्य. तिच्यातल्या आदर्श राज्यात मुलं जन्मतःच आईबापांपासून वेगळी वाढवतात आणि पंधराव्या वर्षी परीक्षा घेऊन वर्ण ठरवतात. वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती न्याय्य! अहो, पण वर्ण तेच चार ना? ब्राह्मण वर आणि शूद्र खाली, हे तसंच ना? गुणावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये खोडून काढला आहे. माणसांचे गुण चार कप्प्यांत मावत नाहीत आणि कप्पे टिकवायचे तर दंडुका लागतो. शंबूकाचा वध हे त्याचंच उदाहरण, असं त्यांनी दाखवून दिलं.

याच मेलुहात 'विकर्म' लोक आहेत. मागच्या जन्मीच्या पापामुळे अस्पृश्य ठरलेले. तो कायदा रद्द होतो, पण कसा? नायकाचं प्रेम एका विकर्म राजकन्येवर बसतं म्हणून! महाडला १९२७ साली कुणा अवताराची वाट पाहिली नव्हती. हजारो माणसं स्वतःच्या पायांनी तळ्यावर गेली होती.

गेममध्ये वेगळं काय? पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स कंपनीचा 'राजी' (२०२०) आम्हाला आवडला. चित्रं देखणी, आणि नायिका कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी. पण ही कष्टकरी पोर लढते कुणासाठी? देवांच्या बाजूने, असुरांविरुद्ध! शत्रूचं नाव महाबलासुर. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला रावण जळताना पाहिला, आता तेच बोटांनी खेळायचं. असुर कोण होते, हा प्रश्न गेम विचारू देत नाही.

हा प्रश्न महात्मा फुल्यांनी विचारला होता. १८७३ च्या 'गुलामगिरी'त धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी दशावतार उलटे करून वाचले. वामन कपटी ठरला, बळीराजा न्यायी ठरला. पुराणाच्या कल्पनेला त्यांनी बहुजनांच्या बाजूने उत्तर दिलं.

आपल्या जिल्ह्यातही अशी एक कल्पना आहे. नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच फिरलं, असं सांगतात. आपण चमत्कार मानत नाही. पण हाकललेल्या माणसाच्या बाजूने कल्पना उभी राहिली, हे त्या कथेत दिसतं. फक्त देऊळ फिरलं, व्यवस्था फिरली नाही. ते काम आपलं.

म्हणून बहिष्कार नको, निर्मिती हवी. जिथे ड्रॅगन उडू शकतो, माणूस अमर होऊ शकतो, तिथे जात का मरू शकत नाही? गोडो, ब्लेंडर यांसारखी गेम बनवायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशांतला थोडा वाटा एका जुन्या लॅपटॉपवर आणि गोष्ट लिहिणाऱ्या पोरापोरींवर खर्च करू. बळीराजाच्या बाजूने खेळता येईल असा पहिला गेम आपल्या वस्तीतून का निघू नये?

जय भीम!