धोक्याची लक्षणे मराठीत सांगा

गरोदरपणी पाय सुजायचेच, असे म्हणत आपल्या घरांतून अजूनही दुखणे अंगावर काढले जाते. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० झाला, लघवीत प्रथिने आली, की तो प्रीएक्लॅम्प्शिया. १६०/११० म्हणजे तीव्र. मग आईला झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वारेतून रक्त कमी पोचल्याने बाळ खुरटते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ सालीच सिद्ध झाले. औषध आहे, घोडे अडते ते वेळेवर ओळखण्यात.

म्हणूनच हा भाषेचाही प्रश्न आहे. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली कळ ही लक्षणे बेळगाव-खानापूरच्या मराठी बाईला मराठीतच कळली पाहिजेत. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केले. तोच न्याय तायी कार्डाला व उपकेंद्राच्या फलकाला लावा. कन्नड पुसा, असे आमचे म्हणणे नाही. शेजारी मराठी लिहा.

तोवर घरच्या वडीलधाऱ्या बायकांनी प्रत्येक तपासणीला रक्तदाबाचा आकडा विचारावा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे गाफील राहू नये.