तयार कारागीर झाडाला लागत नाही

(एका फर्निचर कारखान्याच्या मालकांना मिरजगावच्या सुताराचं अनावृत पत्र)

मालकसाहेब,



हे पत्र पाकिटात घालून पाठवता आलं असतं. पण तुम्ही जे बोललात ते माईकवरून, भरल्या सभागृहात बोललात. तेव्हा उत्तरही चारचौघांसमोरच देतो. तुमचं नाव लिहीत नाही. एक तर व्यासपीठावर तुमच्या शेजारी बसलेल्यांचंही म्हणणं तेच होतं, आणि दुसरं, माझं भांडण एकट्या तुमच्याशी नाही.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. माझ्या हाताखालचा पोरगा तुमच्याकडे आला याचा मला राग नाही. मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे, इथून गाडीत बसायला कुणाला वेळ लागत नाही. कर्जत तालुक्यातला पाऊस सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो त्याच्या पोरानं पगाराला नाही म्हणू नये, असंच माझं मत. तुम्ही माझ्या दुप्पट देता. गेला, बरं झालं.

लागलं ते वेगळंच. मालक आणि शिकाऊ पोरं यांची गाठ घालून द्यायला भरवलेला तो मेळावा. तुम्ही उभं राहून म्हणालात, ‘‘खेड्यातली मुलं येतात, पण त्यांना काहीच येत नसतं. आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. तयार माणूस द्या, आम्ही आत्ता घेतो.’’ टाळ्या पडल्या. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. त्याच्या आदल्याच आठवड्यात तुमच्या सुपरवायझरचा मला फोन आला होता : ‘‘मिस्तरी, ह्याच्यासारखा अजून एखादा असेल तर द्या की.’’ साहेब, शून्य असलेल्या पोरासारखा अजून एक कशाला हवा असतो?

तो शून्य नव्हता तर काय होता, ते सांगतो. दहावीत गटांगळी खाऊन तो माझ्याकडे आला. पहिले काही महिने पटाशी आणि रंध्याचं पातं यांना धार लावायची, एवढंच काम. धार लागली की नाही हे अंगठा फिरवून कळत नाही. बाभळीच्या तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर पातं चालवायचं. चरचरत गेलं तर परत दगडावर. मग गुण्या. दुकानातून आणलेला नवा गुण्या खरा आहे असं मानायचंच नाही. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या बरोबर, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्म्यानं खोटा. हे त्यानं स्वतः एकदा करून पाहिलं आणि माझा जुना, वडिलांच्या वेळचा गुण्या खोटा निघाला. आमच्या दुकानात दोन दिवस हसणं चाललं होतं.

नंतर चौकटी. कुसू खाचेत हातानं शिरलं पाहिजे आणि शेवटचं सूतभर ठोकणीनं. सगळंच ठोकून बसवलं तर लाकूड उन्हाळ्यात तडकतं. सगळंच हातानं गेलं तर पावसाळ्यानंतर दार खुळखुळतं. हा अंदाज कुठल्या पुस्तकात नाही. त्यानं बिघडवलेल्या चौकटींचं सरपण माझ्या घरच्या बंबाखाली गेलंय.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चौकटी नाहीत. पॅनल सॉ आहे, एज बँडिंगचं मशीन आहे, सगळं सीएनसीवर निघतं. बरोबर. पण मशिनीवरून निघालेलं तुमचं कपाट खोक्यात बसून कुणाच्या तरी घरी जातं, आणि त्या घराची भिंत ओळंब्यात नसते. फरशीला उतार असतो. कोपऱ्यातून बीम बाहेर आलेला असतो. कपाट मात्र ओळंब्यात लागलं पाहिजे, नाहीतर दारं आपोआप उघडतात आणि गिऱ्हाईक तुमच्या नावानं बोंबलतं. तिथं भिंतीचा वाकडेपणा पट्टीवर उतरवून घ्यायचा, तेवढीच कड रंध्यानं काढायची, सनमाईकाचा टवका न उडवता. हे तुमच्याकडचा कोण करतो? आमचा पोरगा करतो. म्हणून तर सुपरवायझरचा फोन आला.

हे शिकवताना काय जातं तेही ऐका. 19 एमएमच्या 8 बाय 4 शीटवर माप टाकताना पोरगा करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरतो, आणि सहाच्या सहा फळ्या कमी भरतात. ती शीट कुणाच्या खात्यावर? गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पोराच्या पगारातून कापायला जीव होत नाही. असं दोन-तीन वर्षं चालतं. मग एके दिवशी पोरगा चुकायचा थांबतो, मी जरा टेकतो, आणि त्याच महिन्यात तो जातो. याला तुम्ही ‘मनुष्यबळ उपलब्ध होणं’ म्हणता.

त्या मेळाव्यात वाटलेली पुस्तिका मी घरी आणून वाचली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. जिथं 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्या मालकानं एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत, 2019 पासून हे असं आहे. ठेकेदाराची माणसंही त्यात धरायची. तुमच्याकडे सव्वाशेच्या वर माणसं आहेत हे तुम्हीच भाषणात सांगितलंत. 120 धरली तरी कमीत कमी तीन शिकाऊ झाले, जास्तीत जास्त 18. करार केलेला एकही नाही, असं आमच्या पोरांकडून कळतं. ‘ट्रेनी’ मात्र उदंड. ट्रेनीला करार नाही, काय शिकवायचं ते ठरलेलं नाही, शेवटी परीक्षा नाही आणि हातात दाखला नाही. त्याला एका मशिनीवर उभं करायचं, वर्षभर तीच फळी आत सरकवायची, पुढच्या वर्षी दुसरा ट्रेनी.

दंडाचीही गंमत आहे. पूर्वी या कायद्यात कैदही होती. 2014 च्या दुरुस्तीत ती गेली आणि दंड राहिला : कमी पडलेल्या एका शिकाऊमागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये, पुढं 1000. हजार रुपयांत तुमच्या किचनचा एक ड्रॉवर तरी येतो का, साहेब?

आणि घेतले तर पैसे मिळतात! 2016 पासून केंद्राची शिकाऊ उमेदवारीची प्रोत्साहन योजना आहे. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, सरकार सोसतं. एवढं असूनही मालक पुढं येत नाहीत म्हणून मेळावे घ्यावे लागतात, स्टेज बांधावं लागतं, तुम्हाला नारळ-शाल द्यावी लागते.

आता माझ्याकडे या. चार ते 29 माणसं असतील तर शिकाऊ घेणं ऐच्छिक आहे. माझ्याकडे मी, माझा धाकटा भाऊ आणि एक कारागीर. झाले तीन. म्हणजे मी शिकाऊ घेतो असं म्हणायचीही मला सोय नाही. मिरजगाव, माहीजळगाव, राशीन, कर्जत, कुठंही फिरा. सुताराच्या दुकानात दोन किंवा तीनच माणसं दिसतील. ज्याला शिकवता येतं तो मोजला जात नाही आणि जो मोजला जातो तो शिकवत नाही. हे तुम्ही केलेलं नाही, मान्य. पण याचा फायदा तुम्हाला होतो, आणि तो घेऊन झाल्यावर वर शून्य म्हणता.

सरकार आम्हाला अगदीच विसरलंय असंही नाही. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 धंदे, त्यात सुतार आहे. मीही नाव घातलं. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार. योजनेच्या कागदात गुरू-शिष्य परंपरा बळकट करायची असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं. प्रत्यक्षात आम्ही पांढऱ्या केसांचे सगळे शिष्य म्हणून बाकावर. तुमच्याकडे किती पोरं शिकून गेली, त्यातली कुठं आहेत, हे विचारणारा रकाना फॉर्मवर मला कुठं दिसला नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नको असं भावाचं म्हणणं होतं. तुमच्याकडे आमच्या भागातला आणखी एक पोरगा होता. माझ्याकडे तो फार दिवस नव्हता, धार लावण्यापलीकडे गेलाच नव्हता. तुमच्याकडे आल्या आल्या त्याला पॅनल सॉवर उभा केला. पात्यावरचं झाकण काढलेलं होतं, कारण ते लावलं की काम हळू होतं. उजव्या हाताची दोन पेरं गेली. त्याचा बाप तुमच्या गेटवर आला तेव्हा सांगितलं गेलं की हा आमच्या रोलवर नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, तो अजून शिकतच होता. मग शिकत होता तर शिकाऊचा करार कुठं होता? या कायद्यात शिकाऊला काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. कागद नसल्यानं तो पोरगा ना कामगार, ना शिकाऊ. त्या घरात त्यानंतर कुणी सुतारकामाचं नाव काढलेलं नाही. धाकटा मोबाइलच्या दुकानात बसतो.

आमच्याही लोकांचं झाकत नाही. सहा-सहा महिने पोराकडून नुसता भुसा झाडून आणि चहा आणून घेणारे मिस्तरी आहेत. पूर्वी बलुत्याच्या काळात तर सुताराचाच पोरगा सुतार व्हायचा, बाकीच्यांनी हत्याराला हात लावायचा नाही. मला त्या दिवसांचं काही कौतुक नाही. माझ्याकडे धनगराचा शिकला, मुसलमानाचा शिकला, बौद्ध वस्तीतला शिकला. गावानं आधी भुवया उंचावल्या, मग त्यांच्याकडूनच दिवाण करून घेतले. आमच्या जिल्ह्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, नगरला, अमेरिकन मराठी मिशनची सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा होती, तिथं सुतारकाम शिकवत. ज्यांच्या नावानं ती होती ते पेटिट मुंबईचे गिरणीमालक. गिरणीमालकाचं नाव सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेवर लागू शकतं, एवढंच तुमच्या कानावर घालतो.

आणि 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. त्या जर्मनीत सुताराचा शिकाऊ तीन वर्षं वर्कशॉपात असतो, आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळेत जातो, आणि शिकवायला परीक्षा दिलेला मास्टर एकटा असला तरी पुरतं. तिथं माझं दुकान चाललं असतं. असो.

मागणं काय आहे ते आता सरळ लिहितो. कायद्याच्या आठव्या कलमात एक सोय आहे : अनेक मालकांनी एकत्र यायचं आणि शिकाऊ पोरं एकमेकांच्या जागी फिरवून शिकवायची. तुमच्या नावावर करार करा. पहिले काही महिने पोरगा आमच्यासारख्याच्या हाताखाली राहील. धार, गुण्या, माप, कुसू हे इथं होईल. मग तुमच्याकडे मशीन, ड्रॉइंग वाचणं, हार्डवेअर. ते मला येत नाही आणि येतं असं मी म्हणणारही नाही. विद्यावेतन त्याच्या खात्यात जाऊ दे. माझी वाया गेलेली शीट तेवढी भरून द्या, गुरुदक्षिणा वगैरे नको. शेवटी पोराची परीक्षा घ्या, दाखला द्या, म्हणजे उद्या तुमच्याकडून तो तिसऱ्याकडे गेला तरी त्याला कुणी पुन्हा ट्रेनी म्हणून उभं करणार नाही. तो जाईल याची तुम्हाला भीती वाटेल. मलाही वाटते, दरवेळी वाटते, तरी मी शिकवतो. आणि पॅनल सॉवरचं झाकण लावून ठेवा, करार असो वा नसो.

सध्या माझ्याकडे दोघं आहेत. थोरल्याला चौकट जमायला लागलीय, धाकटा अजून दगडावर आहे. तुमच्या सुपरवायझरना सांगा, थोरल्यासाठी फोन करायच्या आधी कराराचा कोरा नमुना पाठवायचा. मी वाचून घेईन, त्याच्या बापाला वाचून दाखवीन, आणि मग बोलू.

आपला,
मिरजगावचा एक सुतार