पाणी गळणारे कोरडे डोळे

दुधनीला आमच्या अक्काचे घर म्हणजे पुढे आडतीचे दुकान आणि मागे बिऱ्हाड. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेले. बाजारात एखादे वाक्य मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते. जानेवारीत तिथे तुरीचा हंगाम असतो. पोती उतरतात, राशी होतात आणि धुरळा थेट माजघरापर्यंत येतो. अशाच दिवसांत मी गेलो, तर अक्का दारात पदराने डोळे टिपत उभी! भाऊ आला म्हणून बहिणीला भरून आले, असे मी समजलो. दाजी हसून म्हणाले, "डॉक्टर, उगाच फुशारू नका. हे आठ महिने चाललंय."

घरात डॉक्टर भाऊ असला की बहीण दुसऱ्या डॉक्टरकडे जात नाही आणि भावालाही काही सांगत नाही, हा सगळीकडचा अनुभव. अक्काने शेजारणीच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली होती. थेंब घातले की लाली उतरायची, चार दिवसांनी पुन्हा यायची, की पुन्हा बाटली. ती बाटली मी उलटून वाचली आणि मला घाम फुटला. त्यात स्टिरॉइड होते. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चांगले औषध आहे. पण मनाने महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

रात्री दाजी झोपल्यावर अक्का हळूच म्हणाली, "पोथीतली अक्षरं पुसट होतात रे. पापणी मिटली की दिसतात, परत पुसट. मला दिसायचं बंद होणार का?"

मिटल्यावर साफ दिसते, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी म्हणालो, "अक्का, तुझे डोळे कोरडे झालेत." ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू माझी पदवीच खोटी! दिवसाला दोन रुमाल भिजतात आणि हा म्हणतो कोरडे!

वाचकहो, गंमत इथेच आहे. आपल्या बुबुळावर अश्रूंचा एक पातळ पापुद्रा असतो. तळाशी चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेवरच्या बारीक ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत वीस-पंचवीस. मायबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. तेल आटले की पाणी भराभर उडून जाते, बुबुळ उघडे पडून चुरचुरते आणि मेंदू घाबरून अश्रूंचा लोंढा सोडतो. सोलापूरकडचा अवकाळी पाऊस आठवा. धो धो पडतो, ओढ्याने वाहून जातो, रानात काही मुरत नाही. अक्काचे रडणे त्यातलेच.

सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी तिची परीक्षा केली. पहिली कागदाच्या पट्टीची, 1903 साली शिर्मर यांनी काढलेली. पापणीत अडकवलेली पट्टी पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. अक्काची अकरा भिजली, म्हणजे पाणी ठीक. मग पिवळा रंग घालून पापुद्रा किती वेळ टिकतो ते पाहिले. दहा सेकंद टिकायला हवा, तो चौथ्या सेकंदाला फाटला. पापणीची कड दाबली तर तेलाऐवजी गोठलेल्या तुपासारखे काहीतरी बाहेर आले. डोळ्यातला दाब ठीक निघाला. तेव्हा कुठे मी खाली बसलो.

उपचार ऐकून अक्काची निराशा झाली. रोज दहा मिनिटे मिटल्या पापण्यांवर गरम फडक्याचा शेक, थंड झाले की पुन्हा गरम. मग पापण्यांना हलकी मालिश. टिकवण्याचे रसायन नसलेले अश्रूंचे थेंब. कूलरचा झोत तोंडावर नको. मोबाईलवर मालिका पाहताना माणूस पापणी मिटायचेच विसरतो, म्हणून मुद्दाम मिटायची. शिवाय सूज होती, म्हणून सायक्लोस्पोरिनचे थेंब.

या औषधाची हकीकत मोठी रंजक आहे. नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीपासून ते मिळाले आणि बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरात आले. डोळ्यांसाठी त्याचा उपयोग दाखवला तो रेने कॅसवान या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी, तोही कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर! माणसांसाठी अमेरिकेत 2002 साली परवानगी मिळाली. दोष एकच: ते झोंबते आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात. अक्काने दहाव्या दिवशी बाटली ताकावर ठेवून दिली होती. दाजींनी फोन केला म्हणून कळले.

त्यानंतर तिकडे आणखी बरेच निघाले आहे. 2021 साली नाकात मारायचा एक फवारा मंजूर झाला. त्यातले औषध मुळात सिगारेट सोडवण्याच्या गोळीतले, नाकातली शीर चेतवून अश्रू आणणारे. 2023 साली पाण्याचा थेंबही नसलेले थेंब आले, जे तेलाच्या तवंगाचे काम करतात. पापण्या आतून तापवून ग्रंथी मोकळ्या करणारे यंत्र आहे. प्रकाशाच्या झोतांचा उपचारही आहे, पण सावळ्या कातडीला त्याने चटका बसू शकतो. तेव्हा जाहिरात वाचून धावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा मात्र फार गवगवा झाला. 2018 साली अमेरिकेत वर्षभराची मोठी चाचणी झाली, त्यात त्या ऑलिव्ह तेलाहून सरस ठरल्या नाहीत.

काहींचे पाणीच आटते. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे, भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नाही, सांधे दुखतात, असे असेल तर शोग्रेनचा विकार नाही ना हे रक्त तपासून पाहावे. तो बायकांत अधिक. अशांना अश्रूंच्या मोरीला बारीक बूच बसवतात. अगदीच शुष्क डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत ओठातल्या लाळेच्या ग्रंथी डोळ्यात बसवण्याची शस्त्रक्रियाही झाली आहे.

अक्काला यातले काही लागले नाही. मीच रोज फोन करून शेकाची चौकशी करत होतो, म्हणून ती वैतागून करत राहिली. नवरात्रात तिचा फोन आला.

"थेंब अजून झोंबतात का गं?"

"झोंबतात की. पण काल पूर्ण अध्याय वाचला. आणि ते फडकं गरम करायचं काम आता ह्यांच्याकडे दिलंय, तू ह्यांनाच विचारत जा."