जंत आणि वावडे

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या परिसरात नेवाळकर घराण्याच्या कुलदेवतेचे, महालक्ष्मीचे, मंदिर आहे आणि १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. मराठी माणसाला या स्थळाची ओढ वाटावी यात नवल नाही. परंतु शहरातील नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात येत राहिले आणि त्याचे पाणी बिघडले. जेथे मैल्याचे पाणी मातीत मिसळते, तेथे जंतांची अंडीही मातीत मिसळतात. आजच्या विषयाचा धागा येथूनच सुरू होतो.

माझी मावशी या तलावापासून जवळच राहते. तिच्या सात वर्षांच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. शाळेत जंताच्या गोळ्या द्यावयाच्या होत्या, त्या दिवशी तिने त्याला मुद्दाम घरी ठेवले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, काठावरची पोरं दिवसभर अनवाणी चिखलात असतात, त्यांना कधी शिंक नाही. आमचा बूट घालून फिरतो, तर त्याला धाप. पोटात जंत असले की दमा होत नाही, असं छापूनही आलं होतं. मग ते मारायचे कशाला?"

मावशीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शास्त्रज्ञांनीही तो अनेक वर्षे गंभीरपणे अभ्यासिला आहे.

आपली त्वचा, श्वासनलिका आणि आतडे यांच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारा करीत असतात. १८७८ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिले. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी त्यांना खाऊन फुगल्यासारख्या वाटल्या. त्या कणांत हिस्टामाइनसारखी तीव्र द्रव्ये साठविलेली असतात. शत्रू कोण, हे पेशीला ओळखून देतात ते रक्तातील प्रतिपिंड. त्यांपैकी 'आयजीई' हा प्रतिपिंड १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला. निरोगी माणसाच्या रक्तात तो अत्यल्प असतो; जंतांची लागण झाली की अनेक पटींनी वाढतो.

हा प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. जंताचा अंश त्याला भेटला की पेशी आपले कोठार रिते करते. आतड्यात चिकट स्राव सुटतो, आतड्याची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलला जाऊ लागतो. ही योजना मुळात उपकारक आहे. मात्र तेच शस्त्र परागकणांवर किंवा घरातील धुळीवर उगारले गेले, की शिंका येतात, अंगावर पित्त उठते, धाप लागते. यालाच आपण वावडे किंवा ॲलर्जी म्हणतो.

मग जंत असलेल्या मुलाला वावडे कमी का दिसावे? पूर्वी असा तर्क होता की जंतांमुळे निर्माण होणारा नाना प्रकारचा आयजीई मास्ट पेशींवरील सर्व जागा अडवून बसतो आणि धुळीविरुद्धच्या आयजीईला जागाच उरत नाही. पुढे असे दिसले की आयजीई वाढला की पेशीवरील जागाही वाढतात. त्यामुळे हा तर्क पुरेसा ठरत नाही. जंताचा खरा डाव निराळा आहे. दीर्घकाळ मुक्काम करता यावा म्हणून तो शरीराच्या संरक्षक दलालाच शांत करणारी द्रव्ये वाढवितो. आफ्रिकेतील गॅबोन देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिस्टोसोमा जातीच्या कृमींची लागण असलेल्या मुलांच्या त्वचेवर धुळीतील सूक्ष्म कीटकांची प्रतिक्रिया कमी आढळली.

येथवर मावशीचे म्हणणे खरे वाटेल. परंतु गोष्ट येथे संपत नाही. इंग्लंडमध्ये दमेकऱ्यांना मुद्दाम अंकुशकृमींची सौम्य लागण करून पाहिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दम्याला लक्षणीय उतार पडला नाही. व्हिएतनाममध्ये जंताचे औषध दिलेल्या मुलांत त्वचेची चाचणी अधिक वेळा होकारार्थी आली, पण दमा वाढला नाही. गोलकृमीच्या लागणीशी तर दम्याचे प्रमाण उलट अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. हत्तीरोगाच्या कृमींमुळे काही रुग्णांना रात्री खोकला व धाप लागते आणि आयजीई अतोनात वाढतो. १९६० साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या फुप्फुसात कृमींची पिले दाखवून दिली. म्हणजे जंत दम्यापासून रक्षण करतो असे नव्हे. कधी तो दम्याचे सोंगही आणतो.

आणि हा पाहुणा फुकट राहत नाही. ॲन्सिलोस्टोमा जातीचा एक अंकुशकृमी दररोज सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त गमावयास लावतो. असे शंभर कृमी असल्यास महिन्याकाठी अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते! शिंक न येणारी काठावरची मुले निरोगी आहेत, असे मानण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून आतला रंग पाहावा. फिकटपणा तेथे दिसतो.

हे सारे मी मावशीला सांगितले. ती बराच वेळ तलावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या पोरांचंही बघायला हवं."

वाचकहो, सांगावयाचे ते एवढेच. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल विनामूल्य दिले जाते. दोन वर्षांखालील बालकास अर्धी गोळी देतात. राहून गेलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा सोय असते. मूल आजारी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दम्याचे औषध निराळे. तेही बंद करू नये. आजीच्या वावडिंगावर विसंबून गोळी टाळू नये. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, पालेभाजी स्वच्छ पाण्यात धुवावी, पायांत चप्पल असावी. आणि गावाचा मैला गावच्या तलावात जाणार नाही यासाठी आपण सर्वांनी आग्रह धरावा. गोळी पोटातील जंत मारते. मातीतील अंडी मात्र उद्या पुन्हा तोंडात येतात.

मावशीचा नातू राहिलेल्या मुलांच्या दिवशी शाळेत गेला. त्याच्याबरोबर काठावरची दोन मुलेही होती. त्यांना मावशीच हात धरून घेऊन गेली होती.