मेरू नावाचा धबधबा



परवा संकष्टी होती. घरात साबुदाण्याची खिचडी केली होती. आमचे भाचेबुवा (इयत्ता सहावी) एक साबुदाणा बोटावर घेऊन म्हणाले, "मामा, हा कुठल्या झाडाला लागतो?"

झाडाला नाही रे बाबा! साबुदाणा होतो एका कंदापासून. तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने आहेत. त्या कंदाचं नाव कसावा. आणि हा कसावा मूळचा आपला नाहीच, तो आहे दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्याकडे आला आणि आपल्या उपासाच्या ताटात जाऊन बसला. तिकडे मात्र तो उपासाचा पदार्थ नाही, रोजचं जेवण आहे. आज आपण कसाव्याची भाकरी खाणाऱ्या माणसांच्या गावालाच जाऊ या.

नकाशाची वही उघडा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला व्हेनेझुएला सापडला? आता आग्नेय कोपऱ्यात या. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना हे तीन देश जिथे एकमेकांना भेटतात, तिथे आहे 'ग्रान सबाना'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'मोठा गवताळ माळ'. कारभाराच्या दृष्टीनं हा आपल्या तालुक्यासारखा एक भाग. पण केवढा? सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटर! आपली जवळजवळ नऊ गोवा राज्यं त्यात मावतील. राजधानी काराकासपासून रस्त्यानं हजाराहून जास्त किलोमीटर दूर. मुख्य गाव सांता एलेना दे उआइरेन. ते वसलं १९२३च्या सुमारास. वसवणाऱ्यानं आपल्या मुलीचं नाव, एलेना, आणि जवळच्या नदीचं नाव, उआइरेन, एकत्र करून गावाला दिलं.

विषुववृत्त इथून जेमतेम पाच अंशांवर. तरी हवा गार, कारण माळ समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंच आहे. नजर जाईल तिथवर गवत, मध्येच ताडांच्या रांगा आणि चहाच्या रंगाचे ओढे. आणि त्या माळावर मध्येच उभे असतात भलेमोठे डोंगर. त्यांना शिखरच नसतं! जणू कुणी सुरीनं वरचा भाग कापून टाकला आहे. चारही बाजूंना ताशीव कडे आणि वर सपाट मैदान. हे 'तेपुई'. पेमोन भाषेत तेपुई म्हणजे डोंगर.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेपुईचा दगड वाळूचा आणि वय दीडशे कोटी वर्षांहून अधिक! एके काळी तिथे सलग पठार होतं. पाण्यानं ते कोट्यवधी वर्षं कोरलं. मऊ भाग वाहून गेला, टणक भाग डोंगर होऊन उरला. माथ्यावर मातीला कस नाही, म्हणून काही झाडं चक्क किडे पकडून पोट भरतात. तिथे एक काळा, इवलासा बेडूकही आहे. त्याला उडी मारता येत नाही. संकट आलं की तो अंगाचा गोळा करतो आणि खड्यासारखा गडगडत खाली जातो.

या तेपुईंपैकी रोराइमा सगळ्यांत नावाजलेला. उंची २८१० मीटर. कळसूबाई आहे १६४६. कडे इतके सरळ, की वर कुणी जाऊ शकेल असं युरोपियनांना वाटतच नव्हतं. १८८४ साली एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स हे दोघे कड्यावरच्या एका तिरक्या वाटेनं माथ्यावर पोचले. या डोंगरांच्या वर्णनांवरूनच आर्थर कॉनन डॉयल यांना 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी सुचली, १९१२ साली. शेरलॉक होम्सचे तेच हे डॉयल. त्यांनी माथ्यावर डायनोसॉर ठेवले. खरे डायनोसॉर तिथे नाहीत, हं!

आता धबधब्याकडे. आउयान तेपुईच्या कड्यावरून जगातला सर्वांत उंच धबधबा कोसळतो. उंची ९७९ मीटर! आपला जोगचा धबधबा २५३ मीटरचा. तसे चार एकावर एक ठेवाल, तेव्हा कुठे एवढी उंची होईल. पुस्तकात त्याचं नाव असतं 'एंजल फॉल्स'. एंजल म्हणजे देवदूत असं तुम्ही म्हणाल. पण नाही! ते एका अमेरिकन वैमानिकाचं आडनाव आहे. जिमी एंजल सोन्याच्या शोधात इथे हिंडत होता. १९३३ साली त्यानं विमानातून हा धबधबा पाहिला. १९३७ साली त्यानं थेट आउयानच्या माथ्यावर विमान उतरवलं आणि चाकं चिखलात रुतली. तो, त्याची बायको आणि दोन साथीदार चालत खाली यायला निघाले. अकरा दिवस लागले! विमान मात्र तेहेतीस वर्षं वरच राहिलं. १९७० साली ते हेलिकॉप्टरनं खाली आणलं. सोनं काही मिळालं नाही, पण धबधब्याला नाव मिळालं.

आता मला सांगा, एंजल येण्याआधी त्या धबधब्याला नाव नव्हतं का?

होतं की! त्याच्या आसपास पेमोन लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. 'पेमोन' या शब्दाचा अर्थच 'माणूस'. व्हेनेझुएलात त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास. त्यांची भाषा कॅरिब कुळातली. कॅरेबियन समुद्राला नाव मिळालं ते याच कॅरिब लोकांवरून. ते धबधब्याला म्हणतात केरेपाकुपाई मेरू, म्हणजे सर्वांत खोल जागेचा धबधबा. 'मेरू' म्हणजे धबधबा. गंमत बघा, आपला मेरू म्हणजे पर्वत, त्यांचा मेरू म्हणजे त्यावरून पडणारं पाणी! २००९ साली व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनीही जाहीर केलं, की हेच नाव वापरायला हवं.

पेमोन लोक कसाव्याची भाकरी कशी करतात ठाऊक आहे? तिथला कडू कसावा विषारी असतो. तो किसायचा आणि वेताच्या लांबलचक विणलेल्या नळीत भरायचा. मग नळी ताणायची. ताणली की ती बारीक होते आणि विषारी रस पिळून निघतो. उरलेला चोथा तव्यावर थापून भाजायचा. फार पूर्वी हे कुणी शोधलं, त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

त्यांची दुसरी विद्या आगीची. पेमोन लोक माळावरचं गवत जाळतात. १९६२ साली इथे कनाइमा राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे अधिकाऱ्यांना वाटलं, हे लोक जंगलाचं वाटोळं करणार! आगी विझवायला पथकं नेमली. पण संशोधकांनी पेमोन म्हाताऱ्यांबरोबर फिरून पाहिलं, तेव्हा वेगळंच दिसलं. ते आज हा तुकडा जाळतात, काही दिवसांनी तो. त्यामुळे वाळलं गवत सलग साठत नाही आणि वणवा जंगलाच्या कडेपर्यंत पोचून तिथेच विझतो. ज्यांना आपण अडाणी समजत होतो, तेच जंगल राखत होते.

आता एका दगडाची गोष्ट. पेमोन सांगतात, की एका पेमोन तरुणानं दुसऱ्या जमातीच्या मुलीशी लपून लग्न केलं. मकुनाइमा या त्यांच्या पुराणपुरुषानं रागावून दोघांना दगड केलं. ते दोन दगड म्हणजे कुएका आजी आणि कुएका आजोबा. १९९८ साली एका जर्मन शिल्पकारानं आजीचा सुमारे तीस टनांचा दगड उचलून थेट बर्लिनला नेला. त्याच्याजवळ सरकारी परवानगीचा कागद होता. तिथल्या मोठ्या बागेत जगभरच्या दगडांबरोबर त्यानं तो मांडला. त्याला जगात शांती नांदावी असंच सांगायचं होतं. पण आजीच्या नातवंडांना कुणी विचारलंच नव्हतं! पेमोन लोकांनी तक्रारी केल्या, मोर्चे काढले, २०१२ साली काराकासच्या जर्मन वकिलातीपुढे उभे राहिले. अखेर २०२० साली, बावीस वर्षांनी, आजी जहाजात बसून परत आली.

सगळंच असं गोड नाही. सोन्याच्या खाणींनी तिथल्या नद्यांत पारा मिसळला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कुमाराकापाई या पेमोन गावात सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि शेकडो पेमोन सरहद्द ओलांडून ब्राझीलला गेले. आपल्या जमिनीबद्दल आपल्याला विचारावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

आपण नकाशा बघतो आणि म्हणतो, "बापरे, किती दूर!" पण दूर कुणापासून? काराकासपासून, मुंबईपासून. तिथे राहणाऱ्या मुलाला ते दूर नाही. त्याला दूर वाटेल ते पुणं आणि नागपूर.

या आठवड्याचा उद्योग: तुमच्या गावाजवळच्या एखाद्या ओढ्याला, टेकडीला, माळाला म्हातारी माणसं काय म्हणतात, ते आजी-आजोबांना विचारा. ते नाव का पडलं, तेही विचारा. मग छापील नकाशात ते आहे का बघा. नसलं, तर तुमच्या वहीत तुम्हीच लिहून ठेवा. आणि पुढच्या संकष्टीला खिचडी खाताना त्या वेताच्या नळीची आठवण काढा.

तुमचा,
मामा