एक लॉक बंद पडला तर? अमेरिकेच्या पोलादाची १८६९ पासूनची गोष्ट

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ‘सू लॉक्स’ इथे एक नवा महाकाय लॉक बांधला जातोय. लॉक म्हणजे जहाजाला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा, दारं असलेला हौद. पण तो का हवाय?

उत्तर १८६९ मध्ये सापडतं. त्या वर्षी क्लीव्हलँडमध्ये एलायहू पेक यांनी ‘आर. जे. हॅकेट’ हे लाकडी मालवाहू जहाज बांधलं. कप्तानाची केबिन पुढे, इंजिन मागे आणि मधली सगळी जागा मालासाठी. मार्केट बंदराच्या धक्क्यावर लोहखनिज ओतणाऱ्या घसरगुंड्या दर १२ फुटांवर होत्या, म्हणून जहाजावरची झाकणं दर २४ फुटांवर ठेवली. थोडक्यात, बंदराच्या मापाने जहाज बेतलं!

हॅकेट १९०५ मध्ये जळालं, पण हाच साचा पुढे अनेक दशकं चालला. २०० फुटांची जहाजं १००० फुटांवर गेली. आता ती फक्त १९६९ च्या ‘पो लॉक’मध्येच मावतात. तो बंद पडला, तर सुपीरियर सरोवराकडचं लोहखनिज घेऊन ही जहाजं पोलाद कारखान्यांकडे जाऊच शकणार नाहीत.

म्हणूनच त्याच मापाचा हा दुसरा लॉक. यावेळी जहाजाच्या मापाने वाट बेतली जातेय.