सहलीच्या आराखड्यातली गाळलेली गावे

सहलीचा आराखडा ही गोष्ट सहसा समीक्षेच्या कक्षेत येत नाही. प्रवासवर्णनाची चर्चा आपण वाङ्मयप्रकार म्हणून करतो, परंतु प्रवासाआधी कागदावर मांडलेला बेत हा केवळ व्यवहाराचा भाग समजून सोडून देतो. वास्तविक निवड, क्रम आणि वगळणे ह्या तिन्ही क्रिया जिथे घडतात तिथे एक अर्थनिर्णय झालेला असतोच. संपादक कवितासंग्रह सिद्ध करताना जे करतो, तेच कुटुंबप्रमुख तीन दिवसांच्या सुट्टीचा बेत आखताना करीत असतो. फरक इतकाच की संपादकाला प्रस्तावना लिहून आपल्या निवडीचे समर्थन करावे लागते. सहलीच्या आराखड्याला कोणी जाब विचारत नाही. तो विचारावा, एवढ्यासाठी हे टिपण.

उदाहरणादाखल आपल्याकडचा एक सुपरिचित फेरा घेऊ. पुण्याहून वाई, तिथून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर, पुढे प्रतापगडाच्या पायथ्यावरून आंबेनळीच्या घाटाने पोलादपूर, मग महाड, आणि परतताना वरंधा घाट चढून भोरमार्गे पुन्हा पुणे. सगळे मिळून अंतर सुमारे ३०० किलोमीटर. तीन दिवसांत निवांतपणे होण्यासारखा हा प्रवास आहे. सह्याद्री एकदा उतरून पुन्हा चढायचा, आणि मधल्या वाटेत महाराष्ट्राच्या इतिहासाची किमान चार युगे ओलांडायची, अशी संधी इतक्या थोड्या अंतरात क्वचितच मिळते.

प्रत्यक्षात ह्या फेऱ्याचे जे आराखडे आखले जातात ते पाहावेत. त्यांत महाबळेश्वराला दोन मुक्काम असतात आणि त्या दोन दिवसांत दहा-बारा ‘पॉइंट’ बसवलेले असतात. वाई ही घाट चढण्यापूर्वी चहा घेण्याची जागा ठरते. प्रतापगडाला दोन तास मिळतात. महाड बहुधा नसतेच. असले तरी ‘रायगडाला जाताना लागणारे गाव’ एवढीच त्याची ओळख असते.

ह्यातला ‘पॉइंट’ हा शब्द थोडा तपासून पाहण्याजोगा आहे. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम ह्याने महाबळेश्वराला गोऱ्या अधिकाऱ्यांचे आरोग्यस्थान वसवले. माल्कम पेठ हे नाव त्याचेच. लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर ही कड्यांची नावेही त्याच काळाची देणगी. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या माणसाने कड्याच्या टोकाशी उभे राहून खालची दरी न्याहाळावी, ही त्या रचनेमागची दृष्टी. त्या दरीत गावे आहेत, वाटा आहेत, शेती आहे, ह्याच्याशी त्या उभे राहण्याचा संबंध नव्हता. राज्यकर्ते गेले, तरी आपण आजही त्यांनी नेमून दिलेल्या जागी उभे राहून त्यांच्याच नजरेने आपला मुलूख पाहतो. पुढे उतरण्याची गरज आपल्याला वाटत नाही.

ह्याला पर्याय म्हणून एक साधे सूत्र सुचवावेसे वाटते. हा फेरा कड्यांच्या क्रमाने न आखता नद्यांच्या क्रमाने आखावा. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतली कृष्णा पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडावरून अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे वाईपासून महाबळेश्वरापर्यंत आपण कृष्णेच्या मुळाकडे चढतो आणि तिथून महाडापर्यंत सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो. परतीच्या वाटेवर, वरंधा घाट चढल्यावर, नीरेचे खोरे लागते ते थेट भोरपर्यंत. नद्यांचे सूत्र धरले की गावे आपोआप आराखड्यात येतात, कारण गावे वसली ती पाण्याकाठी.

ह्या सूत्राने पाहिले तर वाई ही चहापुरती जागा उरत नाही. कृष्णेचे सात घाट, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट, तिथल्या देवळातली, वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, हे सारे तर आहेच. ‘स्वदेस’ (२००४) ह्या चित्रपटाचे चित्रीकरण जिथे झाले तो घाट म्हणून मेणवलीला जाणारे पुष्कळ आहेत. तेही काही वाईट नाही. परंतु वाईचे खरे वैशिष्ट्य तिथल्या ज्ञानव्यवहारात आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा इथली, धर्मकोशाचे काम इथले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला तोही इथेच. त्याचा पहिला खंड १९७६ चा. मराठी भाषेत जगाचे ज्ञान मांडण्याचा एवढा मोठा उद्योग मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी झाला, ही गोष्ट तासभर थांबून विचार करण्याइतकी महत्त्वाची नाही काय?

वाईहून पुढचा रस्ता ऐतिहासिक दृष्टीने मोठा अर्थपूर्ण आहे. १६५९ साली अफझलखानाची छावणी वाईला होती आणि तिथून तो रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरला. प्रतापगडाची १० नोव्हेंबर १६५९ ची घटना आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण वाईचे मोकळे, सपाट खोरे आणि जावळीचे दाट, अरुंद खोरे एकापाठोपाठ पाहिल्याखेरीज शिवाजीमहाराजांनी खानाला जावळीतच का ओढून आणले हे नीट उमगत नाही. थेट गडावर नेणारी सहल शौर्याची कथा सांगते. वाईपासून सुरू होणारी सहल त्या शौर्यामागची बुद्धी दाखवते. त्याच गडावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने तिथे मोठी निदर्शने केली होती. एकाच गडावर दोन शतकांचे महाराष्ट्र आहेत, आणि दोन तासांत आपण त्यातला एकच पाहून येतो.

आता महाड. ह्या लेखाचा मुख्य मुद्दा इथे आहे. मुंबई विधिमंडळात बोले ह्यांचा ठराव १९२३ साली संमत झाल्यावर महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांसाठी खुले केले होते. ते खुलेपण कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद न्यायालयात पोहोचला आणि त्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडावे लागले. भारतीय लोकशाहीच्या इतिहासात ह्या तळ्याचे स्थान काय, हे सांगायला नको. त्या घटनेची शताब्दी २०२७ ह्या वर्षातली.

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला फार मोठा समाज महाडला येतो. तोही आराखडा आखून, गाड्या ठरवून, मुलाबाळांसह येतो. म्हणजे एकाच रस्त्यावरून दोन महाराष्ट्र प्रवास करतात. एकाच्या आराखड्यात प्रतापगड आणि रायगड अधोरेखित, दुसऱ्याच्या आराखड्यात चवदार तळे. आणि पहिल्याची गाडी तळ्यापासून काही मिनिटांच्या अंतरावरून निघून जाते. ह्यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. वगळणे हे बहुधा हेतुपूर्वक नसतेच. सवयीने झालेले वगळणेच अधिक खोल असते. अभ्यासक्रमात जे एका परिच्छेदापुरते आले ते सहलीत पाच मिनिटांपुरतेही येत नाही.

येथे वाई आणि महाड ह्यांचा आणखी एक धागा लक्षात घ्यावा. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे शास्त्रांच्याच आधारे दाखवण्याची खटपट वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेने केली. १९३२-३३ मध्ये येरवड्याला असलेल्या गांधीजींना त्या कामी तर्कतीर्थांचे साहाय्य झाले. महाडने ग्रंथाचा आधार शोधला नाही, तळ्यावर जाऊन पाणी घेतले. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे एका दिवसाच्या अंतरावर आहेत. दोन्ही गावे एकाच सहलीत पाहिली तर त्या उत्तरांमधले अंतर मोजता येते.

कोणी म्हणेल, सहल ही विरंगुळ्यासाठी असते. तिच्यावर इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु प्रतापगड आणि रायगड आराखड्यात असतात ते काय केवळ विरंगुळ्यासाठी? तिथे आपण मुलांना आवर्जून नेतो, कारण त्यांनी आपला वारसा पाहावा असे वाटते. २०२५ साली हे दोन्ही किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ह्याचा आपल्याला सार्थ अभिमानही आहे. ओझे नको असेल तर ते सगळीकडेच नको. वारसा हवा असेल तर तो निवडून निवडून घेता येत नाही.

डोंगरांबाबतही हेच. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि खाली वाईला हजाराच्याही आत. हा फरक जितका नेत्रसुखद तितकाच डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांसाठी कठोर आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल बसगाड्यांसह वाहून गेला. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले आणि त्याच तालुक्यातले तळिये दरडीखाली गाडले गेले. कड्यावरून दिसणारे धुके खाली कोणाच्या तरी घरावर उतरते, हे भान आराखड्यात असावे. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश निघत असतात. त्या दिवसांत हा फेरा आखूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे.

मग आराखडा असा करता येईल. पहिला दिवस वाई आणि मेणवलीसाठी, मुक्काम वाईतच. दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट, क्षेत्र महाबळेश्वर, दुपारी प्रतापगड, आणि अंधार पडण्याआधी आंबेनळीचा घाट उतरून महाडला मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळे, गावाजवळची गांधारपाले इथली बौद्ध लेणी, मग वरंधा घाटाने भोर आणि संध्याकाळी पुणे. रायगड हवा असेल तर चौथा दिवस द्यावा. तो दोन तासांत उरकण्याचा गड नव्हे. महाबळेश्वरचे बरेचसे ‘पॉइंट’ ह्यात सुटतील. त्यांची चुटपुट लागली तर एवढे आठवावे की आजवर सुटलेल्या गावांची चुटपुट आपल्याला कधी लागली नव्हती.